गणिताची पदवी : रँग्लर परांजप्यांपासून आणेवारीपर्यंत

मराठीत परभाषेतले काही शब्द माणसाच्या नावाआधी असे जाऊन बसले आहेत की ते आता तेथून उठवता येत नाहीत. 'रँग्लर' हा त्यांपैकी एक. रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी, रँग्लर नारळीकर. आमच्या आधीच्या पिढ्यांतील पुष्कळांना या शब्दाचा नेमका अर्थ सांगता आला नसता. पण तो मोठ्या मानाचा आहे एवढे शाळकरी पोरालाही ठाऊक होते. मूळ अर्थ अगदी साधा, किंबहुना थोडा विनोदी आहे. रँग्लर म्हणजे हुज्जत घालणारा. केंब्रिज विद्यापीठात लेखी परीक्षा रूढ होण्यापूर्वी पदवीच्या उमेदवाराला लॅटिन भाषेत तोंडी वाद करून आपला पक्ष मांडावा लागे, आणि त्या वादातून हा शब्द आला. परीक्षेचे 'ट्रायपॉस' हे नाव तर एका तीन पायांच्या स्टुलावरून पडले असे सांगतात. पुढे वाद गेला, स्टूलही गेले, कागद-टाक आले आणि गणित आले. नावे मात्र जुनीच राहिली.

ही व्याख्यानमाला आटोपते न आटोपते तोच बारावीचे निकाल लागतात आणि घरोघर एकच खल सुरू होतो. मुलाला किंवा मुलीला गणितात चांगले गुण आहेत. आता पुढे काय? बहुतेक घरांत उत्तर आधीच ठरलेले असते, आणि ते अभियांत्रिकीचे असते. क्वचित एखादी मुलगी म्हणते की मला गणितच शिकायचे आहे. मग आईवडिलांच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात ते आपण सर्वांनी पाहिले आहेत. 'गणित घेऊन करणार काय? मास्तरकी?' हा प्रश्न आजचा नाही. त्याचे वय दीडशे वर्षांच्या घरात आहे, आणि आपल्याकडे निरनिराळ्या माणसांनी त्याला निरनिराळी उत्तरे दिली आहेत. ती उत्तरे आज आपण जरा जवळून पाहू.

प्रारंभ केरूनानांपासून करणे भाग आहे. केरो लक्ष्मण छत्रे यांचा जन्म १८२४चा. बाळशास्त्री जांभेकरांच्या हाताखाली ते शिकले, कुलाब्याच्या वेधशाळेत त्यांनी काम केले आणि पुढे पुण्यास गणित व सृष्टिशास्त्र शिकविले. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली. तेव्हा केरूनाना तेहतीस वर्षांचे होते. म्हणजे ज्यांच्या हाताखालून गणिताचे पदवीधर बाहेर पडले त्या गुरूला स्वतःला पदवी नव्हती. घ्यावी म्हटले तर त्यांच्या विद्यार्थिदशेत ती देणारेच कोणी नव्हते. १८६० साली त्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली. युरोपातील नव्या वेधांवर आधारलेले ग्रहगणित मराठीत आणण्याचा तो उद्योग होता, आणि पटवर्धनी पंचांग उभे राहिले ते त्यांच्याच गणितावर. शुद्ध गणित आणि उपयोजित गणित असा भेद केरूनानांपुढे मांडला असता तर त्यांनी काय म्हटले असते कोणास ठाऊक. त्यांच्या लेखी गणित ही आकाशाकडे पाहण्याची रीत होती.

याच केरूनानांचे एक शिष्य बाळ गंगाधर टिळक. टिळकांनी डेक्कन कॉलेजातून गणित घेऊन बी. ए. ची परीक्षा पहिल्या वर्गात दिली. एम. ए. लाही त्यांनी गणितच धरले होते, परंतु ते तडीस गेले नाही, आणि १८७९ साली ते एल्‌एल. बी. झाले. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते गणित शिकवीत. फळ्यावर पायऱ्या न मांडता उदाहरण तोंडीच सोडविण्याच्या त्यांच्या सवयीच्या आठवणी अनेकांनी सांगितल्या आहेत. मध्यम बुद्धीच्या मुलांचे त्या तासाला काय होत असेल याची कल्पनाच केलेली बरी. पण ते गणित कोठे गेले? ते गेले १८९३च्या 'ओरायन'मध्ये. वसंतसंपात नक्षत्रांतून मागे मागे सरकतो. एक अंश सरकायला सुमारे ७२ वर्षे लागतात. सत्तावीस नक्षत्रांच्या वाटणीला प्रत्येकी १३ अंश २० कला येतात. म्हणजे एक नक्षत्र ओलांडायला साधारण ९६० वर्षे. संपात मृगशीर्षात होता असे वेदवाङ्मयातील उल्लेखांवरून मानले, तर तो काळ इसवी सनापूर्वी चार हजार वर्षांच्या आसपास जातो. या अनुमानावर पुढे पंडितांनी पुष्कळ आक्षेप घेतले आणि आज ते जसेच्या तसे फारसे कोणी स्वीकारीत नाही. तथापि एका राजकारणी पुरुषाने वेदकालाचा निर्णय त्रैराशिकाच्या पायावर उभा करू पाहावा, हे गणिताच्या पदवीचेच फळ होते.

गोपाळ कृष्ण गोखले यांचेही असेच. ते फर्ग्युसनमध्ये गणितही शिकवीत, इंग्रजीही शिकवीत, इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवीत. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळांतून पुष्कळ वर्षे चालले. १९०२ साली वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावर त्यांनी जे पहिले भाषण केले त्याने सरकारी बाके चपापली, कारण शिलकीचे जे आकडे सरकार वैभवाचा पुरावा म्हणून मिरवीत होते तेच आकडे त्यांनी लोकांवरील जादा कराचा पुरावा म्हणून उलटे करून दाखविले. आकड्यांना घाबरायचे नाही, ही शिकवण त्यांना अंकगणिताच्या वर्गातच मिळाली असली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

आता रघुनाथ पुरुषोत्तम परांजप्यांकडे येऊ. त्यांचा जन्म १८७६ साली दापोली तालुक्यातील मुर्डी या खेड्यात झाला. फर्ग्युसन कॉलेजातून मुंबई विद्यापीठाची पदवी घेतल्यावर १८९६ साली सरकारी शिष्यवृत्तीवर ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पदवी हाती असलेला हा तरुण तेथे वरची पदवी घ्यायला गेला नव्हता. तो पुन्हा एकदा पहिलीच पदवी घ्यायला गेला होता. पुढे हा परिपाठच पडला. रँग्लर विष्णु वासुदेव नारळीकर असेच गेले, आणि त्यांचे पुत्र जयंत नारळीकर काशीची बी. एस्‌सी. होऊन केंब्रिजला गेले आणि १९५९ साली तेथील पदवीपरीक्षेत पहिले आले. आपल्या विद्यापीठाची पदवी ही पदवीच नव्हे की काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात यावा. त्याचे उत्तर त्या परीक्षेच्या स्वरूपात आहे.

एकोणिसाव्या शतकातील ट्रायपॉसचे वर्णन फ्रान्सिस गॉल्टनने १८६९ साली करून ठेवले आहे. रोज साडेपाच तास असे आठ दिवस परीक्षा चाले. यशस्वी उमेदवारांच्या यादीतील अगदी शेवटल्याला तीनशेच्या आत गुण मिळत, रँग्लरांमधल्या शेवटल्याला सुमारे दीड हजार, आणि पहिल्याला साडेसात हजारांहून अधिक. एकाच वर्गातील, एकाच वयाच्या तरुणांत पंचवीसपट अंतर! हे अंतर बुद्धीचे किती, आणि तालमीचे किती? तालमीचे पुष्कळ, असे आमचे मत आहे. विद्यापीठातील प्राध्यापकांची व्याख्याने बाजूला ठेवून विद्यार्थी खासगी शिक्षकांकडे जात. एडवर्ड राउथ हा त्या शिक्षकांचा मेरुमणी. त्याच्या शिष्यांपैकी सत्तावीस जण सीनियर रँग्लर, म्हणजे सर्व यादीत पहिले, झाले. राउथ स्वतः १८५४ साली पहिला आला होता, आणि त्या वर्षी दुसऱ्या क्रमांकावर होता जेम्स क्लार्क मॅक्स्‌वेल. विद्युच्चुंबकीय क्षेत्राची समीकरणे देणारा मॅक्स्‌वेल दुसरा! १८४५ साली विल्यम टॉमसन, पुढचा लॉर्ड केल्व्हिन, असाच दुसरा आला. त्या वर्षी पहिला कोण आला हे सांगायला आज पुस्तक उघडावे लागते. आपल्याकडील खासगी शिकवण्यांना नावे ठेवताना या थोर परंपरेचे स्मरण असू द्यावे.

निकालाचा दिवस म्हणजे जत्राच. सेनेट हाउसच्या सज्जातून यादी वाचली जाई; पहिले नाव उच्चारताच टोप्या हवेत उडत. सर्वांत शेवटी उत्तीर्ण झालेल्याला मित्रमंडळी एक भला थोरला लाकडी चमचा सज्जातून दोरीने खाली सोडून भेट देत. १८९० साली फिलिपा फॉसेट या मुलीचे नाव 'सीनियर रँग्लरच्या वर' असे वाचले गेले. वर, कारण स्त्रियांना यादीत जागा नव्हती. त्यांचा क्रमांक यादीतल्या पुरुषांच्या तुलनेने सांगत. पहिल्या पुरुषाहून अधिक गुण मिळवूनही तिला पदवी मिळाली नाही. केंब्रिजने स्त्रियांना पदव्या देण्यास आरंभ केला तो १९४८ साली, म्हणजे अठ्ठावन्न वर्षांनी.

अशा या यादीत १८९९ साली परांजप्यांचे नाव पहिल्या स्थानी, जॉर्ज बर्टविसल याच्या जोडीने, वाचले गेले. आनंदमोहन बोस १८७४ सालीच रँग्लर झाले होते. परंतु यादीच्या शिरावर हिंदी माणूस हे प्रथमच घडत होते. तो काळ ज्यांना ठाऊक आहे त्यांना या बातमीने देशभर काय झाले असेल ते सांगायला नको. हिंदी माणूस पाठांतरात हुशार, पण कठोर तर्कात तो टिकायचा नाही, असे बोलणाऱ्यांची तोंडे एका यादीने बंद झाली. परांजप्यांनी जाण्यापूर्वीच डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होण्याचा शब्द दिला होता, आणि तो त्यांनी पाळला. मोठ्या पगाराच्या जागा समोर असताना १९०२ साली ते महिना पंचाहत्तर रुपयांवर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. पुढे मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री, ऑस्ट्रेलियात हिंदुस्थानचे हायकमिशनर, कुलगुरू. १९६६ साली त्यांचे निधन झाले. हे सगळे आदरणीय आहे. परंतु गणिताच्या इतिहासात त्यांच्या नावाचा सिद्धांत नाही, आणि हे त्यांच्या एकट्याचे नाही. सीनियर रँग्लरांच्या यादीवर नजर टाकली तर न्यायाधीश, धर्माधिकारी, प्राचार्य भरपूर सापडतात. ती परीक्षा अवघड उदाहरणे वेळेच्या आत सोडविणारी माणसे निवडीत होती, आणि अशी माणसे राज्य चालवायला फार उपयोगी पडतात. ज्या उदाहरणाचे उत्तर अद्याप कोणालाच माहीत नाही त्याच्यासमोर वर्ष वर्ष बसून राहणे हा निराळा गुण आहे. तो आठ दिवसांत मोजता येत नाही.

हे केंब्रिजच्या ध्यानात आले नव्हते असे नाही. परांजप्यांच्या आधल्याच वर्षी, १८९८ साली, जी. एच. हार्डी चौथा आला होता. एका शिक्षकाने सुचविल्यावरून त्याने फ्रेंच गणिती जॉर्दानचा विश्लेषणावरील ग्रंथ वाचला, आणि गणित म्हणजे काय हे आपल्याला तेथे प्रथम कळले असे त्याने पुढे लिहिले. ट्रायपॉसची तयारी करताना ते कळले नव्हते! १९०८ साली त्याने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी शुद्ध गणिताचे पाठ्यपुस्तक काढले. क्रमवार यादीविरुद्ध जे लढले त्यांत तो पुढे होता. १९०९ची यादी शेवटची ठरली, आणि लाकडी चमचाही त्याच वर्षी शेवटचा दिला गेला. रँग्लर हे नाव पहिल्या वर्गाला राहिले, क्रमांक जाहीर होणे मात्र थांबले. एवढ्याने हार्डीचे समाधान झाले नाही. १९२६ साली मॅथेमॅटिकल असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून त्याने सांगितले की ही परीक्षा सुधारू नका, बंद करा. ती बंद झाली नाही. ती आजही आहे, आणि आता ती पुष्कळच निराळी आहे.

याच हार्डीच्या हातून एक विलक्षण पदवी दिली गेली. कुंभकोणमचे श्रीनिवास रामानुजन गणिताखेरीज बाकीच्या विषयांत नापास झाल्यामुळे एफ. ए. च्या पुढे जाऊ शकले नव्हते. १९१४ साली ते केंब्रिजला पोचले, आणि १९१६ साली विद्यापीठाने त्यांना बी. ए. ची पदवी दिली, ती त्यांच्या संशोधनावर. ट्रायपॉसला ते बसलेच नाहीत. दोन वर्षांनी ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. रामानुजनांचे उदाहरण देऊन अभ्यासक्रमाची टवाळी करणारे लोक आपल्याकडे बरेच आहेत. त्यांनी त्या माणसाची आधीची दहा वर्षे पाहावीत: पदवी नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून कागद नाही, आणि कागद महाग म्हणून पाटीवर गणित. अपवादावरून नियम सांगणे सोपे असते. किंमत अपवादाला मोजावी लागते.

आता पुन्हा पुण्यास येऊ. १९२९ ते १९३३ या चार-पाच वर्षांत फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात तीन माणसांच्या वाटा थोड्याथोड्या अंतराने येऊन गेल्या, आणि तिघांनी गणिताच्या पदवीचे जे केले ते एकमेकांशी जराही मिळत नाही.

पहिले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १९२७ साली, विद्यार्थी असतानाच, त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते बी. एस्‌सी. झाले आणि १९३०पासून १९६२पर्यंत देवळालीला शाळेत शिकवीत राहिले. 'करणार काय, मास्तरकी?' या प्रश्नाला त्यांनी सरळ 'होय' असे उत्तर दिले. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, तिचे सर्व अंक सारखे नसले म्हणजे झाले. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा आणि वजाबाकी करा. येणाऱ्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही केले तरी ६१७४च. कोणत्याही संख्येपासून निघा, सातव्या पायरीच्या आत तुम्ही येथे येऊन थांबता. १९४९ साली कापरेकरांनी हे मांडले. विद्यापीठांतील पुष्कळांनी तो पोरखेळ समजला. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनरने आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि जगभर नाव झाले. तोवर त्यांना निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती.

दुसरे दामोदर धर्मानंद कोसंबी. त्यांचे वडील पालीचे पंडित. बौद्ध ग्रंथांच्या कामासाठी ते हार्वर्डला गेले आणि मुलगाही तेथेच शिकला. हार्वर्डची रीत केंब्रिजच्या उलट. तेथे विद्यार्थ्याने विषय स्वतः निवडावेत आणि मिसळावेत. जॉर्ज बर्कहॉफ या थोर गणितीने कोसंबींना गणितावरच लक्ष एकवटण्याचा सल्ला दिला होता. कोसंबींनी तो मानला नाही आणि नाना विषयांचे, नाना भाषांचे वर्ग केले. १९२९ साली ते सर्वोच्च सन्मानाने पदवीधर झाले. पुढे फर्ग्युसनमध्ये डझनभर वर्षे त्यांनी गणित शिकविले. त्या काळातच तक्षशिलेच्या ठशांच्या चांदीच्या नाण्यांकडे ते वळले. नाणे हातोहाती फिरले की झिजते. जितके जास्त फिरले तितके सरासरी वजन कमी, आणि एकाच वेळी पाडलेल्या नाण्यांच्या वजनांतला विस्कळितपणा अधिक. मग नाणी एकेक करून तोलली, तर कोणते आधीचे आणि कोणते नंतरचे हा क्रम लेखी पुराव्याविना लावता येईल. हजारो नाणी त्यांनी तोलली. पडताळा म्हणून बाजारातली चालू नाणीही तोलली. भारतीय इतिहासलेखनाला त्यांनी जे वळण दिले त्याच्या मुळाशी हा तराजू आहे. बर्कहॉफचा सल्ला चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. तो मानला असता तर गणिताला कदाचित आणखी काही मिळाले असते. पण इतिहासाला कोसंबी मिळाले नसते.

तिसरे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातील बुध गावचा. १९३२ साली फर्ग्युसनमधून गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन ते पदवीधर झाले आणि पुढच्या वर्षी लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात संख्याशास्त्र शिकायला गेले. त्या काळी आपल्याकडे संख्याशास्त्राची पदवीच नव्हती. पदव्युत्तर वर्ग निघाला तोही १९४१ साली, कलकत्ता विद्यापीठात. म्हणजे ज्या शास्त्रात सुखात्म्यांनी नाव मिळविले ते निवडण्याची सोयच त्यांच्या पुण्याच्या अभ्यासक्रमात नव्हती. त्या पदवीने त्यांना पाया दिला, वाट त्यांनी शोधली.

ती वाट शेतात गेली. पीक किती आले हे सरकारला कळायचे कसे? जुनी रीत आणेवारीची. बांधावर उभे राहून गावकामगाराने नजरेने ठरवायचे की यंदा पीक इतके आणे. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. त्या आण्यांना एकरी प्रमाण-उताऱ्याने आणि क्षेत्राने गुणले की प्रांताचे उत्पन्न निघे. आकडा कमी लागला तर सारा माफ होण्याची आशा. म्हणून नजर नेहमीच थोडी आखूड पडे. दुष्काळ किती मोठा आहे, धान्य बाहेरून किती आणायचे, हे सगळे या नजरेवर ठरत होते. १९४३च्या बंगालच्या दुष्काळानंतर हे किती भयंकर आहे ते वेगळे सांगायला नको. कृषिसंशोधन परिषदेत सुखात्मे आणि त्यांचे सहकारी विनायक गोविंद पानसे यांनी याऐवजी पीककापणीचे प्रयोग उभे केले. गावे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, त्या गावातली शेतेही तशीच, शेतातला तुकडाही तसाच. कोणाच्या मर्जीला जागा नाही. तेवढा तुकडा कापायचा, मळायचा, तोलायचा.

मग वाद उभा राहिला तो तुकड्याच्या आकाराचा. कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस लहान वर्तुळाकार तुकड्यांचे पुरस्कर्ते. चार फूट त्रिज्या, म्हणजे सुमारे पन्नास चौरस फूट. त्यांत खर्च थोडा आणि एका दिवसात पुष्कळ ठिकाणे होतात. सुखात्मे म्हणत की लहान तुकडा उत्पन्न फुगवून दाखवितो. कारण समजायला शाळेचे गणित पुरे. सीमेवर उभे असलेले ताट आत धरायचे की बाहेर, असा संशय आला की कापणाऱ्याचा हात ते आतच ओढतो. चार फूट त्रिज्येच्या वर्तुळात दर चौरस फुटामागे अर्धा फूट सीमा येते. परिषदेचा तुकडा ३३ फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद, म्हणजे एकराचा ऐंशीवा हिस्सा. त्यात दर चौरस फुटामागे सीमा येते ०·१८ फूट. चुकीला वाव जवळजवळ तिप्पट कमी. १९४६-४७च्या सुमारास सुखात्म्यांनी प्रत्यक्ष कापण्या करून ही वाढ दाखवून दिली. महालनोबिसांचा खर्चाचा मुद्दा खोटा नव्हता. दोघांचेही बळ मोठे होते आणि वाद कडवट झाला. पण हुज्जत घालावी तर अशी, आणि रँग्लर या शब्दाचा मूळ अर्थ या वादाला चपखल बसतो.

महालनोबिसांच्या संस्थेला १९५९च्या कायद्याने पदव्या देण्याचा अधिकार मिळाला आणि १९६० साली तेथे 'बी. स्टॅट.' हा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. आरंभीच्या त्या अभ्यासक्रमात गणित व संख्याशास्त्राबरोबर इतर शास्त्रांचीही ओळख ठेवलेली होती. ज्याला मोजायचे आहे त्याला मोजायच्या वस्तूचीही माहिती हवी, ही दृष्टी त्यामागे होती. २०२४ साली त्याच संस्थेने 'स्टॅटिस्टिकल डेटा सायन्स' या नावाची नवी पदवी काढली. आज महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांत अशी नवी नावे मुबलक आढळतात. नव्या नावाला आमचा विरोध नाही. १९३२ साली संख्याशास्त्र हेही असेच नवे नाव होते. परंतु नावाच्या आत काय आहे ते पाहिल्याविना प्रवेश घेऊ नये. पहिल्या वर्षी सिद्धता लिहायला शिकवितात की नुसती यंत्रावर बटणे दाबायला? भौतिक, शेती, अर्थकारण, यांपैकी एखाद्या तरी विषयाशी गाठ घालून देतात का? आणि जे शिक्षक शिकविणार ते स्वतः कशाशी तरी झटापट करीत आहेत, की गेल्या वर्षीच्या वह्या पुन्हा वाचून दाखवीत आहेत? यांतला शेवटचा प्रश्न विचारायला थोडा निगरगट्टपणा लागतो. तरीही आईवडिलांनी तो विचारावा. मुलगी विचारणार असेल तर फारच चांगले.

चलनातून आणा गेला. १९५७ साली दशमान नाणी आली आणि आणेवारीची पैसेवारी झाली. ती आपल्या राज्यात आजही जाहीर होते, आणि पन्नास पैशांच्या वर की खाली यावर गावाला मिळणाऱ्या दुष्काळी सवलती ठरतात. २०१६पासूनच्या पीकविमा योजनेतही मंडळाचे सरासरी उत्पन्न पीककापणीच्या प्रयोगांवरून काढतात. खरिपाच्या अखेरीस तलाठी, कृषी सहायक आणि विमा कंपनीचा माणूस दोरी, खुंट्या आणि काटा घेऊन शेतात उतरतात. पुष्कळ पिकांसाठी आखतात तो तुकडा दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असतो. फुटांत मोजला तर तो ३३ आणि साडेसोळाच्या अगदी जवळ भरतो.